पंक्चर नाही, मग हवा जाते कुठे?

नवी कोरी रेसिंग सायकल घरात येऊन आठ दिवस होत नाहीत, तोच कुरबुरीला सुरुवात होते. रविवारी पहाटे नवा रायपूरच्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर भन्नाट पळवलेली सायकल गुरुवारी बाहेर काढावी, तर दोन्ही चाके मऊ! पहिला संशय धाकट्या भावावर, दुसरा शेजारच्या मुलांवर आणि तिसरा दुकानदारावर. दुकानदार बिचारा ट्यूब काढतो, पाण्याच्या घमेल्यात बुडवून गोल फिरवतो. एकही बुडबुडा नाही. ‘‘भैया, पंचर नहीं है,’’ तो सांगतो. घरच्यांचा विश्वास बसत नाही. बाबांच्या साध्या, काळ्या सायकलीत पंधरा-पंधरा दिवस हवा टिकते आणि एवढे पैसे मोजून आणलेल्या या सायकलीत चार दिवस टिकू नये? नक्कीच खराब माल गळ्यात मारला!

दुकानदार खरे तेच सांगत असतो. ट्यूबही बहुधा चांगलीच असते. खोड आहे ती रबराची.

रबर पाण्याला अडवते, म्हणून ते हवेलाही पुरते अडवत असेल, असा आपला समज असतो. वाढदिवसाला फुगवलेला फुगा आठवा. गाठ घट्ट, कुठे भोक नाही, तरी तिसऱ्या दिवशी तो सुरकुतलेला असतो. रबर म्हणजे लांबच लांब रेणूंचा गुंता, परातीत ओतलेल्या शिजवलेल्या शेवयांसारखा. आणि हा गुंता सतत वळवळत असतो. हवेचे रेणू आतल्या बाजूने रबरात विरघळतात, त्या गुंत्यातून वाट काढतात आणि बाहेरच्या बाजूने निसटतात. त्यासाठी भोक लागत नाही, म्हणून घमेल्यात बुडबुडाही दिसत नाही.

ही गोष्ट सायकलच्या हवेच्या टायरपेक्षाही जुनी आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरी जॉन मिचेल या डॉक्टरने १८३१ साली रबरी फुग्यांत वेगवेगळे वायू भरून पाहिले आणि कोणता फुगा आधी मरगळतो याची नोंद केली. पुढे १८६६ साली टॉमस ग्रॅहॅम या रसायनशास्त्रज्ञाने, वायू रबरात आधी विरघळतो आणि मग पलीकडे जातो, असा उलगडा केला. नायट्रोजनपेक्षा ऑक्सिजन रबरातून लवकर पार होतो, हेही त्याने दाखवले. बेलफास्टच्या डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचे टायर बनवले ते त्यानंतर, १८८८ साली. म्हणजे टायर जन्माला येण्यापूर्वीच त्याचा दोष ठाऊक झालेला होता!

मग बाबांच्या सायकलीला हा दोष का जाणवत नाही? तिलाही तो असतोच, फक्त लक्षात येत नाही. साध्या सायकलीच्या जाड टायरमध्ये जवळजवळ अडीच लिटर जागा असते आणि हवा भरतात ती सुमारे चाळीस पौंड, म्हणजे दर चौरस इंचावर चाळीस पौंड दाबाची. रेसिंगच्या तेवीस मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये लिटरभरही जागा नसते, आणि तिथे दाब हवा शंभर पौंडांच्या आसपास. जागा तिपटीने कमी झाली, पण हवा निसटून जायला मिळणारा ट्यूबचा पृष्ठभाग काही तिपटीने कमी होत नाही. तो निम्म्याहून थोडा अधिकच उरतो. त्यात वजन वाचवायचे म्हणून ही ट्यूब पातळ केलेली. जागा थोडी, भिंत पातळ आणि आतून रेटा अडीचपट. चाळीसातले तीन-चार पौंड गेले तर बाबांना कळतही नाही. शंभरातले दहा-पंधरा गेले की स्वाराच्या पायांना लगेच कळते.

ट्यूब कशाची आहे यावरही बरेच अवलंबून असते. अमेरिकेतल्या स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३७ साली ब्यूटाइल नावाचे कृत्रिम रबर तयार झाले. नैसर्गिक रबरापेक्षा ते हवा कितीतरी पटींनी चांगली धरून ठेवते. हल्लीच्या बहुतेक चांगल्या ट्यूब ब्यूटाइलच्याच असतात. रेसिंग सायकलीत त्या दिवसाकाठी एक-दोन पौंड सोडतात. शर्यतीतले काही स्वार मात्र मुद्दाम नैसर्गिक रबराच्या, म्हणजे लॅटेक्सच्या ट्यूब वापरतात. त्या हलक्या, मऊ आणि वेगाला बऱ्या; पण रात्रीतून दहा-पंधरा पौंड सहज घालवतात. शर्यतीच्या दिवशी सकाळी हवा भरायचीच, हे असल्या स्वारांना माहीत असते. घरच्या हौशी सायकलस्वाराने तो खटाटोप न केलेला बरा.

आता रायपूरच्या हवेचे पाहू. गळती आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी असल्या, तरी इथे त्या हातात हात घालून येतात. डिसेंबरातल्या दुपारी अठ्ठावीस अंशांवर शंभर पौंड हवा भरली आणि पहाटे पारा तेरावर उतरला, तर हवेचा एक कणही बाहेर न जाता काटा चौऱ्याण्णवच्या आसपास दिसेल. थंड हवेचा दाब कमी होतो, एवढेच. मे महिन्यात उलटे. पहाटे भरलेली शंभर पौंड हवा, सायकल उन्हात ठेवल्यावर टायर पंचावन्न अंशांपर्यंत तापला, तर एकशेदहावर जाते. शिवाय तापलेल्या रबरातून हवा अधिक वेगाने निसटते. म्हणून उन्हाळ्यात गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडखाली ठेवलेली सायकल लवकर बसते. घरातल्या सावलीच्या कोपऱ्यात तिला जागा करून द्यावी, मग आई कितीही रागावो.

आणखी एक गंमत. वाटेत पंक्चर झाले तर झटपट हवा भरण्यासाठी बोटाएवढी छोटी गॅसची नळकांडी मिळतात. त्यात असतो कार्बन डायऑक्साइड, आणि तो साध्या हवेपेक्षा फार लवकर रबर ओलांडतो. मिचेललाही हा वायू रबरात चटकन शिरताना दिसला होता. घरी पोचण्यापुरता तो कामाचा. घरी आल्यावर तो काढून साधी हवा भरावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘पंक्चर’ची ओरड ठरलेली.

हे सगळे समजून घेण्याचे कारण केवळ कुतूहल नाही. अरुंद टायरमध्ये हवा कमी असताना सायकल वेगाने खड्ड्यात गेली, की ट्यूब रिमच्या दोन्ही कडांत चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात, साप चावल्यासारखी. रिम वाकते ती वेगळीच. वळणावर मऊ टायर डगमगला तर स्वार आडवा होतो, आणि मागून ट्रक येत असेल तर पुढचे बोलायला नको. नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सायकल शर्यत पूर्ण केली. असल्या बातम्या वाचून मुले रेसिंग सायकलीचा हट्ट धरतात. हट्ट पुरवायचा असेल तर सायकलीबरोबर दाबाचा काटा असलेला उभा पंपही घ्यावा. अंगठ्याने दाबून पाहण्याचा इथे उपयोग नाही. ऐंशी काय नि एकशेदहा काय, अंगठ्याला दोन्ही दगडच. हवा किती, हे टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा आणि स्वाराचे वजन पाहून ठरवावे. पन्नास किलोच्या मुलाला एकशेवीस पौंडांची गरज नाही.

पंप लावताक्षणी काटा दोन-चार पौंड कमी दाखवतो, तेव्हाही घाबरू नये. तेवढी हवा पंपाच्या रिकाम्या नळीत शिरलेली असते. काढताना जो फुस्स आवाज येतो, तोही बहुतेक नळीतल्या हवेचाच.

आणि खरेच पंक्चर असेल तर? एक चाक रात्रीत बसते आणि दुसरे ठीक राहते, तेव्हा संशय घ्यावा. आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावून बुडबुडा येतो का पाहावे. रेसिंगच्या सुईसारख्या बारीक व्हॉल्व्हचे टोक नीट आवळले नसले तरी हवा जाते. साध्या सायकलीत व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी उन्हाने कडक होऊन चिरते. ती बदलायला फारसा खर्च येत नाही. ट्यूब बदलताना टायर आतून चाचपावा. बाभळीचा काटा तिथेच राहिला तर नवी ट्यूबही संध्याकाळपर्यंत बसते.

छत्तीसगडमध्ये सरस्वती सायकल योजनेतून शाळकरी मुलींना सायकली मिळतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या भिंतीला टेकून उभ्या राहतात, हवा हळूहळू निघून जाते आणि सायकलीचा भार दुमडलेल्या टायरवर पडून त्याला बाजूने चिरा जातात. जूनमध्ये शाळा उघडली की नव्या टायरचा भुर्दंड. सुट्टीत दर पंधरवड्याला पंप मारावा किंवा सायकल सरळ उलटी करून सीट आणि हँडलवर उभी ठेवावी.