कोटींचे आकडे नकोत, टेबलावर तपासलेल्या बायकांचे द्या

माननीय केंद्रीय आरोग्यमंत्री,

आधीच्या पत्रांची पोच आली, उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमक्ष लिहिते.

2022 मध्ये देशात कर्करोगाचे 14 लाखांवर नवे रुग्ण आणि 9 लाखांवर मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वांत पुढे, लाखाच्या वर. बायकांत स्तनाचा 1,92,020, गर्भाशयमुखाचा 1,27,526. या दोहोंनी वर्षभरात पावणेदोन लाखांहून अधिक बायका नेल्या. आणि हे तिन्ही लवकर सापडणारे! तोंडातला चट्टा बॅटरीच्या उजेडात दिसतो, गाठ हाताला लागते, गर्भाशयमुखाला पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावलं की मिनिटभरात पांढरा डाग उमटतो. तिशीनंतर दर पाच वर्षांनी ही तपासणी करायची, हे तुमच्याच मंत्रालयाने 2016 मध्ये ठरवलं.

मग 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने काय सांगितलं? 30 ते 49 वयाच्या बायकांत गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या 1.9 टक्के. स्तनांची 0.9 टक्के. पुरुषांत तोंडाची 1.2 टक्के.

तपासण्यांबद्दलची तुमची निवेदनं मात्र कोटींत बोलतात. गावात काय चालतं ते मी नोकरीभर पाहिलं. आशाताई फॉर्म घेऊन उंबऱ्यात उभी. सासू शेजारी शेंगा फोडतेय. प्रश्न असतो, संबंधानंतर रक्त जातं का? सून मान हलवते, ‘नाही’वर खूण होते. ही तपासणी नव्हे. आशाताईचा काय दोष? उपकेंद्रात पडदा नाही, टेबल मोडकं, तपासायला शिकवलेली सिस्टर दुसऱ्याच मोहिमेवर.

पुरावा कमी पडला म्हणावं, तर तो आमच्याच उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्याने दिला. 1999 पासून इथल्या 1,31,746 बायका गर्भाशयमुखाच्या तपासणीवरील संशोधनात सहभागी झाल्या. या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची, चाचणी एकदाच झालेल्या 34,126 जणींच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने 34 दगावल्या. तुलनेसाठी बिनतपासणी ठेवलेल्या 31,488 जणींच्या गटात 64. निष्कर्ष 2009 साली जगाने वाचले. या बायकांच्या जिवावर मिळालेलं ज्ञान तुम्ही त्यांच्याच लेकीसुनांना दिलेलं नाही. याला मी हलगर्जीपणाच म्हणते.

जिल्हावार चार आकडे जाहीर करा: प्रत्यक्ष टेबलावर किती जणी तपासल्या, संशयित किती निघाल्या, त्यांतल्या किती जणींचे उपचार सुरू झाले, किती जणींचे पूर्ण झाले. पुरुषांच्या तोंड-तपासणीचेही असेच द्या. पोच नको, हे आकडे पाठवा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, धाराशिव जिल्हा