साल्हेरच्या पायथ्याशी मुक्काम

मुलांनो, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला कोणता? साल्हेर! आपल्याच नाशिक जिल्ह्यात, बागलाणात आहे. उंची १५६७ मीटर. लासलगावहून सटाणा, ताहराबाद करत साल्हेरवाडी नाहीतर वाघांबे गाठेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. म्हणून मोठ्या माणसांना बरोबर घेऊन आदल्या दिवशीच जायचं, पायथ्याशी राहायचं आणि पहाटे गड चढायचा.

पण तंबू ठोकायचा कुठे? उजेड आहे तोवर आधी गावात जाऊन विचारा. मोकळी दिसणारी जागा कुणाचं तरी शेत असतं, नाहीतर वनखात्याची हद्द. "काका, रात्रभर इथं राहिलो तर चालेल का?" एवढं विचारलं की पुष्कळदा प्यायचं पाणी कुठे आहे तेही कळतं.

कोरडा ओढा मात्र भारी फसवा! वाळू कशी मऊ, सपाट. पण वर डोंगरात पाऊस झाला, की लोंढा थेट अंथरुणात. कड्याखाली दगड पडलेले दिसले तर तिथेही नको.

आणि अगदी खोलगटातही नको. का बरं? रात्री थंड झालेली हवा जड होते, उतारावरून पाण्यासारखी खाली येते आणि सखल जागी साचते. निफाड तालुक्यातल्या मुलांना गारठा काय असतो ते मी काय सांगू! चार पावलं उंचावर झोपा, फरक लगेच कळेल.

शेकोटी? कड्याला आग्या मोहोळ असेल तर मुळीच नाही. धुरानं माशा उठल्या, की तंबूत शिरूनही सुटका नाही!