जेथे पाऊल पोहोचत नाही तेथील बिघाड

जून २०२४ मध्ये, हज यात्रेच्या तोंडावर, मक्का शहरात ईएच२१६-एस या वैमानिकाविना उडणाऱ्या दोन आसनी हवाई टॅक्सीचे चाचणी-उड्डाण झाले. त्या वर्षी अधिकृत आकड्यानुसार १८ लाख ३३ हजारांवर यात्रेकरू जमले होते. १७ जून रोजी मशीद-अल-हरामच्या परिसरात ५१.८ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले आणि त्या यात्रेत १,३०१ माणसे दगावली. इतक्या गर्दीत रस्त्याने मदत पोहोचवणे कठीण, म्हणून औषधे नेण्यासाठी आणि गर्दीवर नजर ठेवण्यासाठी आकाशातील वाट धरली जाणार हे उघड आहे. या वाटेचे कौतुक सर्वत्र होते. आम्हांस मात्र त्या यंत्रांच्या पोटातील तळहाताहून लहान अशा एका बोर्डाविषयी बोलावयाचे आहे. तो बिघडला, तर का बिघडला हे पुढच्या कारागिराला कसे कळावे?

उड्डाण-नियंत्रक बोर्ड हा ड्रोनचा मेंदू होय. यंत्राचा कल ओळखणारा जायरोस्कोप, हवेच्या दाबावरून उंची सांगणारा वायुदाबमापक आणि दिशा दाखवणारे होकायंत्र यांचे म्हणणे सेकंदाला शेकडो वेळा ऐकून तो प्रत्येक मोटरला हुकूम देत असतो. यांपैकी एकाने क्षणभर खोटे सांगितले तरी यंत्र डोलू लागते, आणि खाली माणसे असतात.

मक्केचा उन्हाळा या खोटेपणाला आयते निमंत्रण देतो. काही बोर्डांवर जायरोस्कोप सुमारे ४५ अंशांवर स्थिर राहावा म्हणून लहानसा तापक बसवलेला असतो. थंड देशांत ही योजना उत्तम चालते. पण जेथे बाहेरची हवाच ४५ च्या वर गेलेली असते तेथे तापक काय करणार? त्याला तापवता येते, निववता येत नाही. वायुदाबमापकाच्या काही जातींवर थेट ऊन पडले की उंचीचा आकडा उड्या मारू लागतो. म्हणून त्यांवर स्पंजाचा तुकडा झाकतात. सोल्डरच्या टाक्यातील केसाएवढी चीर गार खोलीत मिटलेली राहते आणि तापल्यावर उघडते. हे सारे दोष मैदानात प्रकटतात आणि दुरुस्तीच्या मेजावर येताच सज्जन होऊन बसतात.

येथे आपल्या कुटुंबांची एक विशेष अडचण उद्भवते. मक्का शहरात मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. जेद्दाहून ताइफला निघालेल्या आपल्या बांधवांना शहर टाळून बाहेरचा रस्ता धरावा लागतो. हा त्या भूमीचा नियम आहे, आणि तेथे पोटासाठी गेलेल्याने तो पाळावयाचा असतो. त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु मक्केत उडालेल्या यंत्राचा बोर्ड उद्या जेद्दाच्या एखाद्या कार्यशाळेत आपल्या मुलापुढे आला, तर त्याला घटनास्थळी जाऊन पाहता येणार नाही. ऊन किती होते, यंत्र किती वेळ उन्हात उभे होते, स्पंज जागेवर होता की निघून पडला होता, हे तेथे हजर असलेल्या माणसाने लिहिले असेल तरच त्याला कळेल. ती नोंद हेच त्याचे डोळे.

नोंद म्हणजे काय, याविषयी मात्र पुष्कळ गैरसमज आहेत. ‘बोर्ड खराब, बदलला’ ही नोंद नव्हे, ती पावती झाली. आम्हांस अभिप्रेत असलेली नोंद बोर्डाच्या आवृत्तीपासून आणि त्यात भरलेल्या प्रणालीच्या क्रमांकापासून सुरू होते. प्रथम पंखे काढून ठेवावेत. बोटे शाबूत राहिली तरच पुढे लिहिता येईल. मग पाच व्होल्टची आणि ३.३ व्होल्टची वीज मल्टीमीटरने मोजावी, आणि ती मोटरी बंद असताना मोजली की भार असताना, हेही लिहावे. आर्डुपायलट ही मुक्त प्रणाली उड्डाणाचा सगळा वृत्तांत स्मृतिपत्रिकेवर साठवते. तो वृत्तांत यंत्र हवेत असतानाच एकाएकी तुटलेला आढळला, तर बोर्डाची वीज गेली असा पहिला संशय घ्यावा. प्रणाली गोठल्यामुळे बोर्ड आपोआप पुन्हा सुरू झाला असेल, तर त्याची खूण पुढच्या वृत्तांतात वेगळी उमटते. नंतर गरम हवेने बोर्ड हळूहळू तापवून दोष पुन्हा जागा होतो का ते पाहावे, आणि कितव्या अंशावर जागा झाला ते टिपावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जे करून पाहिले आणि काहीच फरक पडला नाही, तेही लिहावे. आपली माणसे नेमके हेच गाळतात. यशाखेरीज काही लिहिणे त्यांना कमीपणाचे वाटते.

कोणी म्हणेल, बोर्ड स्वस्त आहे, फेकून दुसरा बसवा. बसवावा, पण कारण तारेत असेल तर दुसराही त्याच वाटेने जाईल.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. कळलेले सांगून टाकले, तर आपली नोकरी राहील कशी? परमुलखात नोकरी करणाऱ्याची ही भीती आम्ही क्षुल्लक मानत नाही. तरीही एका स्थलांतरिताचे उदाहरण द्यावेसे वाटते. मेक्सिकोतील तिहुआना येथून कॅलिफोर्नियात आलेला होर्डी मुन्योस हा तरुण २००७ च्या सुमारास कायम वास्तव्याच्या परवान्याची वाट पाहत घरी बसला होता. व्हिडिओ-खेळाच्या नियंत्रकातील संवेदक काढून त्याने खेळण्यातल्या हेलिकॉप्टरला स्वतःचा तोल सावरावयास शिकवले, आणि ते कसे केले हे सर्वांसमोर मांडले. त्यातूनच त्याची ख्रिस अँडरसन यांच्याशी ओळख झाली आणि २००९ साली दोघांनी मिळून थ्रीडी रोबोटिक्स ही कंपनी काढली. त्याच सुमारास झुरिकच्या ईटीएच या संस्थेत विद्यार्थ्यांनी आरंभलेल्या पिक्सहॉक बोर्डाचे आराखडेही पुढे जगाला खुले झाले. या खुल्या कागदांवर आज आपली मुले शिकतात. ज्यांच्या पूर्वजांपासून विद्या दडवून ठेवली गेली, त्यांनी आपल्याला कळलेले दडवावे, हे आम्हांस तरी पटत नाही.

मालकाची गुपिते उघडी करा, असे यात कोठेही सुचवावयाचे नाही. सौदी अरेबियात नागरी उड्डाण प्राधिकरणाच्या परवानगीवाचून ड्रोन उडवता येत नाही, आणि हौसेखातर तो नियम कोणी मोडू नये. आम्ही बोलतो ते मेजावरच्या कामाविषयी. नोंद इंग्रजीत असावी, म्हणजे फिलिपिनो वा केरळी सहकाऱ्याला ती वाचता येईल. मैदानावरच्या माणसासाठी रकान्यांची नावे अरबीत असावीत. आणि एक प्रत मराठीत घरी ठेवावी, कारण सुटीत गावी गेल्यावर आयटीआयमध्ये शिकणारा पुतण्या तीच आधी वाचेल. करार संपून परतणाऱ्या बांधवांनी आपल्या वह्या तेथील सामानात टाकून येऊ नयेत. मालकाचे नाव व यंत्राचा क्रमांक खोडावा, मालकाची हरकत नसल्याची खात्री करावी आणि उरलेली पाने सोबत आणावीत.