आठचा आकडा कोणाला काढता येतो?



दुचाकीच्या पक्क्या लायसन्सच्या चाचणीत जमिनीवर आठचा आकडा आखलेला असतो. त्यावरून पाय न टेकता, सावकाश गाडी काढायची. याला सगळे 'आठ मारणे' म्हणतात. विषय किरकोळ वाटतो, म्हणून चळवळीत त्यावर कोणी बोलत नाही. मला मात्र तो किरकोळ वाटत नाही, आणि जातीशी त्याचा संबंध नाही असेही वाटत नाही.

१९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले, तेव्हा ते अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य होते. त्यांना टांग्यात बसवून हाकायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. शेवटी टांगा मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. लगाम महारवाड्यातल्या ज्या माणसाने धरला त्याला टांगा हाकायची सवयच नव्हती. मोरीवर टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी ही हकीकत स्वतः लिहिली आहे.

आपण ती अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो, ते योग्यच आहे. पण मान राखायला माणसे पुढे आली तरी हाकण्याचे कसब वस्तीत नव्हते, इकडे आपले लक्ष जात नाही. ते असणार कुठून? ज्याच्या दारात टांगा, त्याच्याच पोराच्या हातात लगाम. बोर्द्यू ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो त्यात पुस्तके आणि भाषा येतात तसा गाडीचा हँडलही येतो. जमीन वारशाने मिळते तसे हे कसबही मिळते, किंवा मिळत नाही.

आता आपल्या मोहोपाड्याकडे या. पाताळगंगा एमआयडीसीत ठेक्यावर जाणाऱ्या बायका, घरोघर फिरणाऱ्या आशाताई, पार्सल पोचवणारी पोरे, या सगळ्यांना दुचाकी आली तर रोजगाराचा पल्ला वाढतो. रिक्षा भरण्याची वाट बघत बसावे लागत नाही. पण चाचणीला गाडी आपण न्यायची असते. ज्या घरात गाडीच नाही, किंवा आहे ती नवऱ्याची आणि त्याच्या मर्जीवर, त्या बाईने सराव करायचा कशावर? शिवाय चाचणीच्या दिवशी पनवेल गाठायचे म्हणजे एक रोज बुडाला. नापास झाली की दुसरा रोज.

मग एजंट पुढे येतो. "ताई, आठबिठ सोडा, मी बघतो." चाचणीचे सरकारी शुल्क ३०० रुपये, एजंटचा आकडा त्याच्या तोंडाला येईल तो. पैसे तर जातातच, त्याहून वाईट म्हणजे कसब न येताच कार्ड हातात पडते. दांड फाट्याच्या रस्त्यावर टँकरच्या मागे गाडी रांगेत सरकते तेव्हा कार्ड तोल सांभाळत नाही.

वेगात गाडी बऱ्याच अंशी स्वतःच उभी राहते. सावकाश चालवताना तिला चालवणाऱ्याने उभी ठेवायची असते, म्हणून तेच अवघड. गिअरची गाडी असेल तर पहिला गिअर, क्लच अर्धा दाबलेला, रेस एकसारखी आणि मागचा ब्रेक पायाने हलका. पुढचा ब्रेक विसरा. हँडल वळलेला असताना तो दाबला की गाडी आडवी झालीच म्हणून समजा. गुडघे टाकीला टेकवा. वळताना गाडी कलली तरी चालेल, अंग सरळ ठेवा. आणि नजर चाकासमोर नको, जिथे जायचे तिथे हवी. नव्या माणसाची सगळी फजिती या नजरेपायी होते. रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांना जमते, आणि शिकाऊ लायसन्स तर सहा महिने चालते.

एक सूचना तरुणांना. स्कूटीवर चाचणी दिली की विनागिअरचेच लायसन्स मिळते. त्यावर कामाची गिअरची बाईक चालवणे म्हणजे विनापरवाना चालवणेच. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड ५,००० रुपये आहे. अपघातात समोरचा दगावला तर विमा कंपनी भरपाई भरून ती गाडीमालकाकडून वसूल करू शकते. ठेक्यावरच्या घराला ते आयुष्यभर फिटणार नाही.

"पोरींना गाडी दिली की हाताबाहेर जातील," असे आपल्याच वस्तीत ऐकू येते. म्हणणारे सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाणारेच असतात. सोळा वर्षांच्या पोराला मात्र तेच बाईकची किल्ली देतात आणि तो चाक उचलून दाखवतो त्याचे कौतुक करतात. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही.

विहारासमोर जागा असते. जयंतीचा मंडप तिथे पडतो, वर्षावासाचे प्रवचन तिथे होते. उरलेले दिवस ती मोकळी असते. तिथे चुन्याने आठ आखायला वीस रुपयेही लागत नाहीत. वस्तीतल्या दोन गाड्या, एक गिअरची आणि एक विनागिअरची, रविवारी सकाळी दोन तास तिथे उभ्या राहाव्यात; पेट्रोल वर्गणीतून. शिकवायला लायसन्सवाला माणूस सोबत हवा, आणि शिकणाऱ्याकडे शिकाऊ लायसन्स हवे. पहिला मान बायकांना. मिरवणुकीच्या डीजेच्या हिशोबातून एका वर्षाचे पेट्रोल सहज निघेल. विहार समितीच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय ठेवणार आहे, विरोध करणाऱ्यांनी तिथेच करावा.