मेघसंगणन : सोय आणि जबाबदारी

तंजावरचे सरफोजीराजे भोसले (दुसरे) यांनी १८०३ साली बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. सरस्वती महाल ग्रंथालयासाठी मात्र त्यांनी दूरदूरच्या विद्याकेंद्रांतून हस्तलिखिते विकत घेतली आणि अनेक ग्रंथांच्या नकला करविल्या. शिलालेख भक्कम असला तरी तो एकाच जागी असतो. नक्कल असल्यास एक प्रत गेली तरी ग्रंथ उरतो. आज ‘क्लाउड’वर विसंबणाऱ्या प्रत्येकाने हा भेद ध्यानी घ्यावयास हवा.

क्लाउड अर्थात मेघसंगणन. नावात ढग असला तरी माहिती आकाशात नसते. ती सेवा देणाऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमधील संगणकांवर साठविली जाते आणि इंटरनेटद्वारे कोठूनही पाहता येते. यंत्रे विकत न घेता जागा व संगणनशक्ती भाड्याने घ्यावी आणि विजेप्रमाणे वापरापुरते शुल्क द्यावे, अशी ही व्यवस्था आहे. ॲमेझॉनने २००६ मध्ये अशी सेवा खुली केली. त्यामुळे लहान व्यापाऱ्यालाही मोठ्या उद्योगांची साधने परवडू लागली.

तथापि, ‘क्लाउडवर ठेवले म्हणजे सुरक्षित झाले’ हा समज घातक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरला आग लागली. शासकीय कर्मचाऱ्यांच्या फायली साठविणाऱ्या ‘जी-ड्राइव्ह’ची प्रत अन्यत्र नव्हती, सुमारे ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. धोका केवळ आगीचा नाही. बँकेतील निष्क्रिय खात्याची रक्कम बुडत नाही. गूगलचे वैयक्तिक खाते मात्र दोन वर्षे वापरले नाही, तर त्यातील माहितीसह काढून टाकले जाऊ शकते.

माहिती तंत्रज्ञानाची सेवा बाहेरून घेतली तरी बँकेची जबाबदारी कमी होत नाही, असे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ च्या निर्देशांत बजावले. हाच नियम ग्राहकाने स्वतःस लावणे इष्ट होय. खरेदीखत, विमापत्र, धंद्याचा हिशेब यांची एक प्रत क्लाउडवर असावी, दुसरी स्वतंत्र डिस्कवर अन्य ठिकाणी असावी आणि मूळ कागद जपून ठेवावेत. पासवर्ड कोणास सांगू नये, दुहेरी पडताळणी सुरू ठेवावी. ठेवीला वारसदार नेमतो त्याप्रमाणे, ही कागदपत्रे कोठे आहेत हे घरातील एका विश्वासू व्यक्तीस ठाऊक असावे.