‘सौम्य’ हिंवतापाची लस कोण शोधणार?

पुण्याच्या हिंवताप-लशीचें नांव निघालें कीं आमच्या सुशिक्षित मंडळींच्या चेहऱ्यावर जें समाधान पसरतें, त्याचा आम्हांस हेवा वाटतो. ऑक्टोबर २०२३ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें ‘आर-२१’ ह्या लशीची शिफारस केली. ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं ती शोधली, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें ती तयार केली, एका टोंचणीची किंमत चार डॉलरांच्या आंत ठेवली, आणि जुलै २०२४ मध्यें आयव्हरी कोस्टमधील बालकांना ती टोंचली जाऊं लागली. हें सारें खरें आहे व अभिमान वाटावा असेंच आहे. परंतु अंधेरी-बोरिवलीच्या लोकलमध्यें, घाटकोपरच्या व्याख्यानमालेच्या मध्यंतरांत, मुलुंडच्या बागेंतील बांकांवर जें वाक्य आम्ही वारंवार ऐकतों, कीं ‘आतां काय, हिंवतापाची लस निघालीच आहे’, तें वाक्य अज्ञानाचें आहे. ती लस आमच्या तापाची नव्हे.

हिंवतापाचे जंतु एकाच जातीचे नाहींत. माणसाला छळणाऱ्या जातींत दोन प्रमुख: एक फॅल्सिपॅरम, दुसरी व्हायव्हॅक्स. पुण्याची लस फॅल्सिपॅरमवर आहे. डांसाच्या सोंडेंतून आपल्या शरीरांत शिरतांना ह्या जंतूच्या अंगावर प्रथिनाचें एक कवच असतें. त्या कवचाचा तुकडा ‘ब’ काविळीच्या विषाणूच्या प्रथिनाशीं जोडून ही लस बनविली आहे. खरा जंतु येईल तेव्हां शरीराच्या पहारेकऱ्यांस त्याची ओळख आधींच पटलेली असावी, हा त्यांतील हेतु. पण व्हायव्हॅक्सचें कवच निराळें. फॅल्सिपॅरमचा चेहरा पाठ केलेला पहारेकरी व्हायव्हॅक्सला बिनधोक आंत सोडतो. आणि आमच्या उपनगरांत जो हिंवताप दर पावसाळ्यांत घरोघर फिरतो, त्यांत मोठा वाटा ह्या व्हायव्हॅक्सचाच आहे. (गडचिरोलीच्या जंगलांत फॅल्सिपॅरमचा जोर आहे, पुण्याची लस तेथें कां न्यावी वा कां नेऊं नये, हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल.)

मग व्हायव्हॅक्सची लस कोठें आहे? ती नाहीं, आणि ती कां नाहीं ह्याचें निम्में उत्तर एका विशेषणांत आहे. जुन्या इंग्रज डॉक्टरांनीं ह्या तापाला ‘सौम्य’ म्हटलें, आणि इंग्रज गेले तरी तें विशेषण आम्हीं जपून ठेविलें. फॅल्सिपॅरम मेंदूवर चढून पाहतां पाहतां माणूस नेतो. त्या मानानें हा सौम्य, एवढाच त्याचा अर्थ होता. वाघाच्या मानानें लांडगा सौम्य, तसा. आणि तेवढाही आतां पुरता खरा नाहीं. बिकानेरच्या डॉक्टरांनीं २००५ सालीं निव्वळ व्हायव्हॅक्सचे असे रुग्ण नोंदविले, कीं ज्यांचीं मूत्रपिंडें व यकृत बिघडलें होतें आणि कांहींची शुद्धही हरपली होती.

पण मृत्यूचा हिशेब बाजूला ठेवला तरी ह्या सौम्यपणाची खरी किंमत निराळीच आहे. व्हायव्हॅक्सचे कांहीं जंतु यकृतांत जाऊन झोंपतात. रक्तांतले जंतु गोळ्यांनीं मरतात, ताप उतरतो, रक्ततपासणी स्वच्छ येते, आणि कांहीं आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं, डांस न चावतांच, ताप उलटतो. आमच्या परिचयाच्या मुलुंडच्या एका घरांत दहावीच्या मुलाला एका वर्षांत तीनदां हुडहुडी भरली. यकृतांतल्या जंतूंसाठीं प्रायमाक्विन नांवाची गोळी चौदा दिवस घ्यावी लागते. मुलाचा ताप तिसऱ्या दिवशीं गेला, सहाव्या दिवशीं परीक्षा आली, आणि उरलेल्या गोळ्या कपाटाच्या खणांत राहिल्या. आईला दोष देणें सोपें आहे. पण ज्यांना ही गोळी देतांच येत नाहीं त्यांचें काय? गर्भवती स्त्रीला ती वर्ज्य, सहा महिन्यांखालील अर्भकाला वर्ज्य, आणि ज्यांच्या रक्तांत जी-६-पी-डी ह्या विकराची उणीव जन्मतः असते त्यांना ती घातक ठरूं शकते. ह्या सर्वांना सौम्य तापानें पुन्हां पुन्हां गांठावें, आणि आम्हीं त्याला सौम्यच म्हणावें!

‘लशीच्या मागें कशाला लागतां? टाक्यांवर झांकणें बसवा, म्हणजे झालें’ असें म्हणणारा एक वर्ग आहे, आणि तो सज्जनांचा वर्ग असल्यामुळें त्याला उत्तर देणें अधिक अवघड. १९११ सालीं डॉ. बेंटली यांनीं मुंबईच्या हिंवतापाचा तपास करून अहवाल दिला. घराघरांतील विहिरींत ‘स्टिफेन्सी’ डांस वाढतो, विहिरी बंद करा, असें त्यांनीं सांगितलें. तेव्हां पारशी व हिंदु गृहस्थांनीं विहिरींच्या पावित्र्याचा प्रश्न काढून मोठा विरोध केला. पुढें बहुतेक विहिरी गेल्या, पण त्यांच्या जागीं गच्चीवरच्या टाक्या आल्या, आणि डांसानें फक्त बिऱ्हाड बदललें. २०१० सालीं मुंबईंत सुमारें ७६ हजार रुग्ण झाले आणि शंभराहून अधिक माणसें दगावलीं. त्यानंतर महापालिकेच्या माणसांनीं टाक्या तपासल्या, नोटिसा दिल्या, आणि आंकडा उतरला. २०२४ मध्यें तो सात हजारांच्या वर होता. हें यश आम्ही मनःपूर्वक मान्य करतों. पण शंभर वर्षांहून अधिक काळ झांकणांचा उपदेश चालू असतां रोग हजारांच्या संख्येनें टिकून राहतो, ह्याचा कांहीं अर्थ लावाल कीं नाहीं? आज बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत जुन्या इमारती पाडून मनोरे उठत आहेत; लिफ्टच्या खड्ड्यांत, स्लॅबवर भिजत ठेवलेल्या पाण्यांत डांसांची पैदास होते; आणि बांधकामावर दूरदूरच्या जिल्ह्यांतून येणारा मजूर आपल्या यकृतांत झोंपलेले जंतु नकळत बरोबर आणतो. त्यांत त्याचा अपराध नाहीं. टाकीवर झांकण बसतें. यकृतावर बसत नाहीं.

ह्या लशीचा शोध अगदींच झाला नाहीं असें मात्र नव्हे. ज्या प्रथिनांतून लस निघण्याची आशा असते त्यांना शास्त्रज्ञ ‘उमेदवार’ म्हणतात; आणि निवडणुकींतल्याप्रमाणें येथेंही बहुतेकांची अनामत जप्त होते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत शोभना शर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं फॅल्सिपॅरमच्या ‘पी-झीरो’ नांवाच्या प्रथिनावर अनेक वर्षें काम केलें. तो मुंबईचा उमेदवार, पण त्याची लस झाली नाहीं. व्हायव्हॅक्सचा उमेदवार दिल्लींत उभा राहिला. हा जंतु आमच्या तांबड्या पेशींत शिरतांना त्यांच्या पृष्ठावरील ‘डफी’ नांवाच्या प्रथिनाला धरतो. (पश्चिम आफ्रिकेंतील बहुतेक लोकांच्या तांबड्या पेशींवर तें नसतें, म्हणून तेथें व्हायव्हॅक्स क्वचित्.) धरणारा हात निकामी केला तर जंतु बाहेरच राहील, ह्या विचारानें चेतन चिटणीस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लस घडविली, आणि तिची पहिली मानवी चांचणी भारतांतच झाली. तोच उमेदवार निराळ्या साह्यद्रव्यासह ऑक्सफर्डमध्यें पारखला गेला, आणि रक्तांतील जंतूंच्या वाढीचा वेग सुमारें निम्म्यानें घटला असें २०२३ मध्यें प्रसिद्ध झालें. निम्मा म्हणजे पुरेसा नव्हे. पण दार किलकिलें झालें, हें निश्चित.

तें पुरतें उघडत कां नाहीं? एक अडचण खरोखर शास्त्राची आहे. फॅल्सिपॅरम प्रयोगशाळेंतील कांचपात्रांत १९७६ पासून वाढवितां येतो. व्हायव्हॅक्स तसा सातत्यानें वाढवितां येत नाहीं. त्याचा अभ्यास करावयाचा तर रुग्णाचें ताजें रक्त हवें, आणि तें रुग्णालयाजवळच्याच प्रयोगशाळेला मिळूं शकतें. दुसरी अडचण गिऱ्हाइकाची. आफ्रिकेंतील बालकांसाठीं लस विकत घेणाऱ्या जागतिक संस्था आहेत. अंधेरीच्या बांधकाम-मजुरासाठीं कोण घेणार?

येथें आम्हांस १८९७ आठवतें. मुंबईंत प्लेग शिरला होता. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत काम केलेला हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्यें येथें आला, ग्रँट मेडिकल कॉलेजांत जागा मिळाली तेवढ्यांत कामाला लागला, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं त्यानें आपली लस प्रथम स्वतःलाच टोंचून घेतली. मुंबईचा रोग, मुंबईचें रक्त, मुंबईची लस. आतां उलटें पहा: दिल्लींत व्हायव्हॅक्सची लस घडविणारे चिटणीस पुढें पॅरिसच्या त्याच पाश्चर संस्थेंत गेले. त्यांना आम्ही दोष देत नाहीं. जेथें काम होतें तेथें विद्वान जातो.

आणि काम येथें होऊं शकत नाहीं असें कोणीं म्हणावें? पवईच्या आय. आय. टी. मध्यें हिंवतापाच्या रुग्णांच्या रक्तांतील प्रथिनांचा अभ्यास झालेला आहे. तिच्या दोन्ही अंगांना, घाटकोपर-मुलुंडकडे आणि अंधेरी-बोरिवलीकडे, पालिकेचीं रुग्णालयें आहेत आणि त्यांत दर पावसाळ्यांत व्हायव्हॅक्सचे रुग्ण येतात. लस लाखांनीं तयार करणारा कारखाना पुण्यांत, रेल्वेनें कांहीं तासांवर आहे. मुंबई महापालिकेचें २०२५-२६ चें अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर होतें. त्यांतून व्हायव्हॅक्सच्या उमेदवारांसाठीं स्वतंत्र रक्कम काढावी. उपनगरांतील एका रुग्णालयाशेजारीं अशी प्रयोगशाळा उभारावी, कीं जेथें रुग्णाच्या संमतीनें दिलेलें रक्त तासाभरांत सूक्ष्मदर्शकाखालीं जाईल. आणि यशस्वी लशीचे पहिले गिऱ्हाईक आम्ही होऊं असें राज्य सरकारनें कारखानदारांस लेखी कळवावें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण मत मागायला येणाऱ्यांना चहा पाजतात. पुढच्या खेपेस चहाबरोबर एवढें विचारावें, कीं मुलुंडच्या त्या मुलाला चौथ्यांदा ताप आला तर तुमच्या पक्षाच्या जाहीरनाम्यांत त्याच्यासाठीं कोणतें कलम आहे.