दम आधी येतो, हाड मागून येते

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की तालुक्यातालुक्यातली मैदाने पहाटे साडेचारलाच जागी होतात. मैदान नसेल तिथे गावाबाहेरचा डांबरी रस्ता. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. शारीरिक चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 गुण या एका धावेला आहेत आणि ते सेकंदावर ठरतात. म्हणून आजवर कधी नेमाने न धावलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा पहिल्याच आठवड्यात रोज पाच-सहा किलोमीटर पळतो आणि वर घड्याळ लावून एक 1600 मारतो. तीन-चार दिवसांत त्याला जिना उतरताना कठड्याचा आधार लागतो. मग तो आपल्याकडे येऊन म्हणतो, "सर, पाय लई दुखतायत."

आपल्यातल्या बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : दुखणारच, अजून पळ, मोकळे होतील. हे उत्तर काही मुलांसाठी बरोबर आहे आणि काहींचे त्याने वर्ष वाया जाते. कोणाला ते द्यायचे आणि कोणाला नाही, हे ओळखणे मार्गदर्शकाचेच काम आहे. मुलगा ते ओळखू शकत नाही. तो तर भरती हुकेल या धास्तीने दुखणे लपवतो.

आधी साध्या दुखण्याविषयी. नव्या व्यायामानंतर स्नायू लगेच दुखत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते सर्वांत जास्त दुखतात आणि आठवडाभरात शांत होतात. लॅक्टिक ॲसिड साचले म्हणून पाय दुखतात, असे आपण वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो. पण ते ॲसिड धावणे थांबल्यावर तासाभरात रक्तातून निघून जाते. 1983 साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात हे स्वच्छ दिसले : सपाटीवर धावताना लॅक्टिक ॲसिड वाढले, पण पुढे पाय दुखले नाहीत, उतारावर धावताना ते वाढलेच नाही, आणि दुखणे मात्र चांगलेच आले. ताणला जात असतानाच जोर लावणारा स्नायू सूक्ष्म पातळीवर दुखावतो, हे त्यामागचे कारण. पाय जमिनीवर टेकताना मांडीचे तेच होते, आणि म्हणून जिना चढण्यापेक्षा उतरणे जड जाते. बरा झालेला स्नायू पुढच्या वेळी तेवढ्याच कामाने फारसा दुखत नाही. तेव्हा या दुखण्यासाठी पूर्ण विश्रांती नको आणि जोरही नको. दोन दिवस चालणे, अगदी हळू धावणे आणि पुरेशी झोप एवढे बस. चोळण्याने किंवा गार पाण्यात पाय ठेवण्याने थोडा आराम वाटतो, तो घ्यावा. धावण्याआधी वा नंतर स्ट्रेचिंग करून हे दुखणे टळते असे मात्र तपासण्यांत आढळलेले नाही.

खरी काळजी हाडाची. हृदय, फुप्फुसे आणि स्नायू काही आठवड्यांतच नव्या कामाला सरावतात. तीन-चार आठवड्यांत मुलाचा दम वाढतो, वेळ सुधारते, अंगात उत्साह येतो. हाडाचा हिशेब वेगळा आहे. नवा ताण आला की शरीर आधी हाडातला जुना भाग काढून टाकते आणि मग नवा भरते. काढायला दोन-तीन आठवडे पुरतात, भरून टणक व्हायला तीनेक महिने लागतात. म्हणजे मुलगा जोमात येतो नेमक्या त्याच सुमाराला त्याची नडगी सर्वांत कच्ची असते. आणि त्याच वेळी आपण त्याचे अंतर वाढवतो!

रंगरूटांचे हे दुखणे जुने आहे. प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी 1855 मध्ये लांब कूच करणाऱ्या तरुण शिपायांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांची नोंद केली. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा चाळीस वर्षे बाकी होती. पावलातल्या हाडाला तडा गेल्याचे त्यानंतरच उमगले. आजही ताणाने गेलेला तडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर बहुतेकदा दिसत नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे, पळ" हे वाक्य म्हणूनच घातक आहे.

यासाठी मैदानावरच करता येणारी एक तपासणी आहे. मुलाला विचारा : कुठे दुखते, हात लावून दाखव. त्याने पोटरीवर किंवा मांडीवर सगळा तळवा फिरवला आणि दोन्ही पाय सारखेच दुखत असतील, तर ते स्नायूंचे. नडगीच्या आतल्या कडेला चार-सहा बोटे लांबीची पट्टी दुखत असेल, तर हाड तक्रार करू लागले आहे. धावणे निम्म्यावर आणा, डांबर सोडा, मातीवर या. आणि त्याने एकाच बोटाने एक जागा दाखवली, एका पायावर उडी मारताच तिथे कळ आली, किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर त्या दिवसापासून धावणे बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे रवानगी. तिथे थांबलेला मुलगा सहसा दोन महिन्यांत परततो. न थांबलेल्याचे हाड पूर्ण मोडू शकते.

मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटर पायी जात असे. असे पाय घेऊन येणारी मुले आता कमी झाली आहेत. आजचा उमेदवार दिवसाचे आठ-दहा तास अभ्यासिकेत बसून मैदानावर येतो आणि मोटारसायकलवरून येतो. त्याला पहिले दोन महिने एक दिवसाआड धावू द्या. वेग असा, की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे. 1600 ची वेळ महिन्यातून एकदा घेतली तरी पुरते.

वेदनाशामक गोळ्या आणि चाचणीच्या सकाळी घेतलेली इंजेक्शने यांविषयी गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. ती हाडाची तक्रार दाबतात. उन्हात, पाणी कमी प्यालेल्या शरीरात त्यांच्यामुळे मूत्रपिंडावर घाला पडू शकतो. कष्टाच्या सरावानंतर लघवी गडद तपकिरी झाली तर वेळ न दवडता रुग्णालय गाठले पाहिजे, हे प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील 15 ते 19 वयोगटातील 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. कायम जड असलेले पाय हे आळसाचे लक्षण समजून आपण ज्या मुलीला रागावतो, तिचे हिमोग्लोबिन आधी तपासले पाहिजे. सरावात पाळी थांबली तर ते चांगल्या तयारीचे लक्षण मुळीच नाही. पोटात पुरेसे अन्न जात नाही आणि त्याचा भार हाडांवर पडतो आहे, असा त्याचा अर्थ. पुरुष प्रशिक्षकाला हे विचारणे अवघड वाटते, म्हणून प्रत्येक अकॅडमीत हे बोलू शकणारी एक बाई हवी.

मैदानावरच्या हजेरीपटात नावापुढे आपण वेळ लिहितो. त्याच ओळीत आणखी एक रकाना आखा : आज कुठे दुखते. पुढच्या सोमवारपासून तो भरायला सुरुवात करा, आणि तीन महिन्यांनी त्या नोंदी आम्हाला पाठवा. नावे वगळून त्या या मासिकात छापू.